मानवशास्त्रात एमए-एमएस्सीला प्रवेश घेतलाय? मग पर्यायी विषय निवडण्याआधी हे वाचा

प्रवेश झाला, फी भरली, पहिल्या काही तासांना बसूनही झालं. मग विभागाकडून एक फॉर्म येतो. त्यावर पर्यायी विषयांची यादी असते आणि त्यातून निवड करायची असते.

मानवशास्त्राच्या वर्गात हा गोंधळ जरा जास्तच असतो, कारण बऱ्याच जणांनी पदवीला हा विषय घेतलेलाच नसतो. कुणी इतिहासात बीए केलेलं असतं, कुणी प्राणिशास्त्रात बीएस्सी, तर कुणी इंजिनीअरिंग करून स्पर्धा परीक्षेच्या निमित्तानं इकडे वळलेलं असतं. मग सीनिअरला एकच प्रश्न विचारला जातो, "सोपा पेपर कोणता?"

या उत्तरावर फॉर्म भरला, तर त्याचा फटका दुसऱ्या वर्षी बसतो. संशोधन प्रकल्पासाठी गावात किंवा पाड्यावर जायची वेळ येते आणि तिथे लागणारं कौशल्य आपण शिकलोच नाही, हे तेव्हा कळतं. म्हणून निवड कशी करायची, ते पाहूया.

आधी विषय समजून घेऊ

मानवशास्त्राच्या ढोबळमानानं चार शाखा मानल्या जातात. माणसाची उत्क्रांती, वाढ, पोषण आणि आनुवंशिकता यांचा अभ्यास जैविक मानवशास्त्र करतं. कुटुंब, जात, धर्म, अर्थव्यवहार, राजकारण हे सामाजिक-सांस्कृतिक शाखेचं क्षेत्र. पुरातत्त्वीय शाखा दगडी हत्यारं आणि जुन्या वसाहतींवरून भूतकाळ शोधते, तर भाषिक शाखा बोलीतून समाज समजून घेते.

प्रत्येक विभागात या चारही शाखा सारख्याच ताकदीनं शिकवल्या जात नाहीत. भारतात बहुतेक ठिकाणी भर जैविक आणि सामाजिक या दोन शाखांवर असतो. त्यामुळे यादीत एखादा विषय दिसला, तरी तो यंदा शिकवला जाणार आहे का, हे विभागात विचारून घ्या.

निवड नेमकी किती हातात असते?

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८० ते ८८ क्रेडिटची असते. तिचा साधारण आराखडा असा:

- पहिल्या सत्रात संशोधन पद्धती: ४ क्रेडिट
- दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्र प्रकल्प: ४ क्रेडिट
- तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात संशोधन प्रकल्प: ४ आणि ६ क्रेडिट
- दर सत्रात पर्यायी विषय: ४ क्रेडिट
- उरलेले सगळे अनिवार्य विषय

म्हणजे पूर्ण दोन वर्षांत खरी निवड फक्त १६ क्रेडिटची आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास. त्या हिशेबानं एक पर्यायी विषय ६० तास घेतो. असे मोजून चार विषय मिळणार असतील, तर त्यातला एकही वाया घालवणं परवडणारं नाही.

मग सुरुवात कुठून करायची?

शेवटाकडून. दुसऱ्या वर्षी आपल्याला कोणत्या प्रश्नावर काम करायला आवडेल, ते एका वाक्यात लिहा. प्रश्न पुढे बदलला तरी चालेल. त्या कामाला काय काय यावं लागेल, ते खाली लिहा.

समजा तुम्हाला मेळघाटातल्या कुपोषणावर काम करायचंय. मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर शास्त्रशुद्ध मोजता यायला हवा. तो भाग जैविक शाखेच्या प्रात्यक्षिकात येतो. घरात आधी कोण जेवतं, कामासाठी कुटुंब गाव कधी सोडतं, दवाखान्याआधी कुणाकडे जातं, हे समजायला कुटुंबव्यवस्था आणि आरोग्याचं मानवशास्त्र लागेल. शिवाय तिथल्या कोरकू समाजाची भाषा मुंडा गटातली आहे. मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे नुसतं ऐकून ती समजणार नाही.

आता दुसरं उदाहरण घ्या. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावातला सामूहिक वनहक्क हा विषय असेल, तर यादी बदलते. तिथे २००६ चा वनहक्क कायदा, पर्यावरण, विकासाचं मानवशास्त्र आणि सरकारी कागदपत्रं वाचायची सवय कामाला येईल.

प्रश्नच सुचत नसेल तर? मग पहिल्या सत्रात आपल्याला सगळ्यात कमी माहीत असलेल्या शाखेचा विषय घ्या. कलाशाखेतून आलेल्यानं जैविक विषय, विज्ञानातून आलेल्यानं सामाजिक. एखाद्या शाखेत खोलात जायला पुढची तीन सत्रं आहेत.

"मला फक्त समाज-संस्कृतीच शिकायची आहे," असं असेल तर?

तरीही बाकीच्या शाखांकडे पाठ फिरवू नका. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्यानं नाकाच्या मोजमापांवरून जात आणि वंश यांचा संबंध जोडला होता. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हीच मोजमापं पुन्हा तपासली आणि हा दावा भारतभर लागू होत नाही, हे दाखवून दिलं. आकडे वाचता येत होते, म्हणूनच त्यांना ते खोडता आले.

इरावती कर्वे यांचं उदाहरण तर आपल्या घरचंच. बर्लिनमध्ये त्यांनी डॉक्टरेट केली ती मानवी कवटीच्या असममितीवर, म्हणजे दोन बाजूंतल्या फरकावर. नंतर पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये असताना त्यांनी ह. धी. सांकलिया यांच्यासोबत गुजरातमध्ये लांघणज इथल्या उत्खननाचं काम केलं. १९५३ मध्ये त्यांचा भारतातल्या आप्तसंबंधांवरचा ग्रंथ आला. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाईंच्या अभ्यासाचा पाया एवढा रुंद होता.

व्यवहाराच्या बाजूनंही हेच खरं. नेटच्या मानवशास्त्र पेपरमध्ये सगळ्या शाखांवर प्रश्न येतात. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा वैकल्पिक विषय घेतला, तर प्रत्येकी २५० गुणांचे दोन पेपर असतात आणि पहिल्या पेपरमध्ये उत्क्रांती व आनुवंशिकताही येते.

पद्धतीचा पेपर हलक्यात घेऊ नका

संशोधन पद्धती अनिवार्य असते, म्हणून अनेक जण ती उरकून टाकतात. पण मुलाखत कशी घ्यायची, संमती कशी मागायची, लोकांची ओळख कशी जपायची, रोजची टिपणं कशी लिहायची, हे सगळं इथेच शिकायला मिळतं.

टिपणांची किंमत काय असते? एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड इथे ते काम करत होते, त्या इमारतीला आग लावली गेली आणि अनेक वर्षं खपून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. पुढे बरंचसं आठवणीतून त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं आणि गाजलं. पण प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, हा धडा त्यातून प्रत्येकानं घ्यावा. पर्यायी यादीत संख्याशास्त्र किंवा गुणात्मक पद्धतीचा वेगळा विषय दिसला, तर त्याचाही गंभीरपणे विचार करा.

फॉर्म भरण्याआधी विभागात काय विचारायचं?

- हा विषय यंदा कोण शिकवणार? त्यांचं स्वतःचं काम कशावर आहे? पुढे मार्गदर्शक म्हणून ते मिळू शकतील का?
- यात प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रभेट आहे का? तिचा खर्च कोण करतं?
- दर आठवड्याला वाचन किती? परीक्षेत मराठीत लिहिता येतं का?
- विषय बदलायचा झाला तर शेवटची तारीख कोणती?
- एमए आणि एमएस्सी दोन्ही पदव्या असतील, तर विषयांच्या निवडीनं पदवी बदलते का?

मराठी माध्यमातून आलेल्यांनी तिसरा प्रश्न नक्की विचारावा. वाचन बहुतांशी इंग्रजीत असतं आणि सुरुवातीला एका लेखाला दोन-दोन दिवस लागतात. म्हणून एकाच सत्रात भरपूर वाचनाचे दोन विषय घेऊ नका. एक वाचनाचा, एक प्रात्यक्षिकाचा अशी जोडी ठेवा. सोबत इरावतीबाईंचं 'मराठी लोकांची संस्कृती' वाचायला घ्या, म्हणजे विषयाची भाषा आधी मराठीतून अंगवळणी पडेल.

सीनिअरचा सल्लाही जरूर घ्या. फक्त प्रश्न बदला. "सोपा पेपर कोणता?" याऐवजी "प्रकल्पाच्या वेळी कोणता पेपर कामी आला?" असं विचारा.