वात, तार आणि द्रव : ई-सिगारेटच्या कार्ट्रिजची कुळकथा

ई-सिगारेटच्या कार्ट्रिजमध्ये महत्त्वाचे घटक तीनच : निकोटिन मिसळलेला द्रव, तो शोषून घेणारी वात आणि वातीला तापवणारी तार. झुरका घेतला की बॅटरीची वीज तारेतून वाहते, वातीतल्या द्रवाची वाफ होते आणि समईच्या वातीत तेल चढावे तसा केशाकर्षणाने नवा द्रव वर येतो. द्रव चढण्याचा वेग आणि तार तापण्याचा वेग यांचा मेळ बसला तर वाफ मिळते. तार पुढे गेली तर वात कोरडी पडून करपते. वाफ जास्त हवी तर तारेला जास्त वीज द्यावी लागते, आणि वीज जास्त दिली की तार व वात दोन्ही लवकर खराब होतात. कार्ट्रिजचा सगळा इतिहास या ओढाताणीतून घडला आहे.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातील हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूर आणि तंबाखू नसलेल्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते त्यांना मिळाले. ओलसर, स्वादयुक्त गरम हवा ओढायची, अशी त्यांची कल्पना होती. हे उपकरण बाजारात कधीच आले नाही. आजच्या उपकरणाचे मूळ चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांच्या २००३ सालच्या रचनेत आहे. त्यांनी द्रवाचे तुषार करण्यासाठी श्राव्यातीत कंपने वापरली होती. पुढे ती मागे पडली आणि तापणाऱ्या तारेने त्यांची जागा घेतली. २००४ पासून चीनमध्ये विक्री सुरू झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत हे उपकरण युरोप-अमेरिकेत पोहोचले.

त्या पहिल्या पिढीत बॅटरी, वाफ करणारा भाग आणि कार्ट्रिज असे तीन वेगळे तुकडे असत. कार्ट्रिज म्हणजे तोंडाकडची प्लास्टिकची वाटी आणि तिच्यात पॉलिएस्टरचा भिजवलेला बोळा, एवढेच. तापणारे काही तिच्यात नसल्यामुळे ती झिजत नसे. पण बोळा तारेवरच्या बारीक जाळीला टेकलेला राहिला तरच द्रव पुढे जाई. तो थोडा वाळला की पुरवठा तुटे, तळाशी द्रव शिल्लक असूनही करपट चव येई. त्यामुळे वापरणारे बोळा काढून टाकत आणि द्रवाचे थेंब सरळ तारेवर सोडत.

यावर उपाय म्हणून तार कार्ट्रिजच्या आतच बसवली गेली. पोलादी नळी, मधोमध वातीवर गुंडाळलेली तार आणि तिच्याभोवती द्रवात भिजलेला पॉलिएस्टरचा थर, अशी ही जोडरचना होती. करपण्याचे प्रमाण घटले, गळतीही आटोक्यात आली. मात्र द्रव संपला की तारेसकट सगळे टाकून द्यायचे, ही पद्धत येथूनच रुजली. फेकायचीच वस्तू म्हटल्यावर ती स्वस्तात करण्याकडे कल गेला आणि आतल्या जोडकामात ते दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील संशोधकांनी अशा नळ्या उघडून तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वाफेमध्ये कथिल, निकेल, चांदी यांचे कण आणि वातीच्या सिलिकाचे कण आढळले. कथिल डाखाच्या सांध्यांतून येत होते. तार आणि सांधे किती टिकतात हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही, हे त्यातून उघड झाले. जे झिजते ते थेट फुप्फुसात जाते.

नंतर पारदर्शक टाक्या आल्या. द्रव किती उरला ते दिसू लागले आणि फक्त तारेचा छोटा भाग बदलून टाकी पुन्हा वापरता येऊ लागली. टिकाऊपणाच्या दृष्टीने हीच रचना सर्वांत शहाणपणाची होती. सुरुवातीला तार वर असे आणि सिलिकाच्या लांब वाती खाली लोंबत. दाट द्रव त्यांतून सावकाश चढे. म्हणून तार तळाशी नेली. आता द्रव सहज मिळू लागला, पण तळाच्या हवेच्या छिद्रांतून तो गळू लागला. बंद टाकीत द्रवावरच्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे द्रव जागच्या जागी राहतो. उन्हात किंवा विमानात आतली हवा प्रसरण पावली की ती द्रवाला छिद्रांकडे ढकलते. तारेकडे द्रव नेणारी छिद्रे लहान केली तर गळती कमी होते, पण तारेला द्रव कमी पडतो.

द्रवाच्या घटकांचाही यात वाटा आहे. प्रॉपिलीन ग्लायकॉल पातळ असते, वातीत झटकन चढते आणि १८८ अंश सेल्सियसला उकळते. ग्लिसरीन दाट असते आणि त्याचा उत्कलनबिंदू २९० अंश आहे. ढगासारखी दाट वाफ ग्लिसरीनमुळे मिळते, म्हणून त्याचे प्रमाण वाढवले जाते. वात कोरडी पडून ग्लिसरीन फार तापले की त्याचे विघटन होऊन अ‍ॅक्रोलिन हा अत्यंत दाहक पदार्थ तयार होतो. गोडीसाठी घातलेले सुक्रालोज तारेवर काळे, चिकट कीट धरते. लिंबूवर्गीय आणि दालचिनीच्या काही स्वादांनी तर प्लास्टिकच्या टाक्यांना तडे गेले आणि काचेच्या टाक्या आणाव्या लागल्या.

वातीच्या बाबतीतही सर्वगुणसंपन्न पदार्थ सापडलेला नाही. कापूस द्रव भराभर ओढतो, पण कोरडा पडताच जळतो. सिलिका उष्णता सोसते, पण संथ आहे. सच्छिद्र सिरॅमिक जास्त दिवस टिकते, पण तापायला वेळ घेते.

२०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या जूल या ई-सिगारेटने या कोंडीतून रसायनशास्त्राच्या आधारे वाट काढली. तिच्या बंद कार्ट्रिजमध्ये जेमतेम ०.७ मिलिलिटर द्रव असे. बेंझॉइक आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार केल्यामुळे वजनाने ५ टक्के इतके तीव्र निकोटिनही घशाला फारसे झोंबत नसे. थोड्या वाफेत भरपूर निकोटिन मिळाल्यावर तार जोरात तापवायची गरज उरली नाही आणि ती ०.७ मिलिलिटर संपेपर्यंत टिकली की पुरे. रचना म्हणून हे चतुर होते. समाज म्हणून त्याची किंमत अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी व्यसनाच्या रूपाने मोजली.

कायद्यांनीही रचनेला वळण दिले. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार टाकीला २ मिलिलिटरची आणि निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आली. भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये स्वादयुक्त कार्ट्रिजवर कारवाईचे धोरण जाहीर झाले. त्यातून बॅटरीसकट फेकून देण्याची उपकरणे सुटली आणि बाजार त्यांच्याकडे वळला.

या उपकरणांत सर्वांत कमी टिकणारा भाग सर्वांत जास्त टिकणाऱ्या भागाला सोबत घेऊन कचऱ्यात जातो. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की एकदाच वापरून टाकलेल्या या लिथियम बॅटऱ्या ४५० हून अधिक वेळा पुन्हा चार्ज होऊ शकतात. ब्रिटनने १ जून २०२५ पासून अशा उपकरणांच्या विक्रीवर बंदी आणली. आता तेथे बॅटरी पुन्हा चार्ज होणारी, द्रव पुन्हा भरता येणारा आणि तार बदलता येणारी असेल, तरच ई-सिगारेट विकता येते.