वीस फुटी कंटेनरमध्ये : इंग्रजी नामांच्या मराठी रूपांचा इतिहास

न्हावाशेवा बंदरातून मालवाहतूक करणाऱ्या कोणाच्याही तोंडी सहज येणारा एक शब्दसमूह आहे : ‘वीस फुटी कंटेनरमध्ये’. त्यात मराठीचा म्हणावा असा ‘वीस’ हा एकच पूर्ण शब्द. उरलेली दोन्ही नामे मुळात इंग्रजी. तरीही त्या दोघांची व्याकरणिक वागणूक अगदी वेगळी आहे. ‘फूट’ हे नाम मराठीत इतके मुरले आहे, की ‘दूध – दुधाला’ या चालीवर त्याचा उपान्त्य दीर्घ ऊकार विभक्तीपूर्वी ऱ्हस्व होतो. ‘फुटाने’, ‘फुटाला’ अशी त्याची रूपे होतात आणि त्यापासून ‘फुटी’ हे विशेषणही साधते. इंग्रजीतल्या त्याच्या अनियमित अनेकवचनाची मराठीने दखलही घेतली नाही. एक फूट, वीस फूट. ‘कंटेनर’ मात्र जसाच्या तसा उभा आहे. ‘देव – देवाला’ किंवा ‘डोंगर – डोंगरात’ या नियमाने ‘कंटेनरात’ व्हायला हवे होते. ते होत नाही, ‘कंटेनरमध्ये’ होते. एकाच शब्दसमूहात शेजारी आलेली ही दोन नामे मराठीने परकी नामे स्वीकारण्याच्या दोन वेगवेगळ्या काळांची साक्ष देतात.

परभाषेतील शब्दांच्या प्रश्नाची मराठीत जी चर्चा झाली ती प्रामुख्याने शब्दसंग्रहाची चर्चा होती. सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ असो, तिचा पुरस्कार करणारा माधवराव पटवर्धनांचा १९३८ चा ‘भाषाशुद्धि-विवेक’ असो किंवा भाषा संचालनालयाने १९६२ साली काढलेला ‘पदनाम कोश’ असो, प्रश्न एकच विचारला गेला : हा शब्द ठेवावा की त्याजागी दुसरा घडवावा? ठेवलेला शब्द मराठीत आल्यावर कसा चालतो, त्याला लिंग कोठून मिळते, त्याचे अनेकवचन व सामान्यरूप होते की नाही, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांतील एखाद्या टीपेपुरता राहिला. वस्तुतः भाषेचे आरोग्य तपासायचे असेल, तर उसन्या शब्दांच्या संख्येपेक्षा त्यांच्या रूपांकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

मराठी व्याकरणात नामविचाराची जी चौकट रूढ झाली तिच्या घडणीतच या उपेक्षेचे एक कारण सापडते. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरहून १८०५ साली निघाले आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली. इंग्रजी शिकवणाऱ्या शाळांतून त्या काळी लिंडले मरे यांचे १७९५ चे व्याकरण प्रमाण मानले जाई. मराठीत रुळलेल्या आठ शब्दजाती या इंग्रजी व्याकरणातील आठ वर्गांच्या धर्तीवरच्या आहेत. यास्काच्या नाम, आख्यात, उपसर्ग, निपात या चार पदजातींशी त्यांचा मेळ नाही. विभक्तींची मांडणी मात्र संस्कृताची. म्हणजे मराठी नामाचे एक माप लंडनहून आले व दुसरे पाणिनीय परंपरेतून. सामान्यरूप हे मराठी नामाचे सर्वांत स्वकीय अंग. ते या दोन्ही मापांत बसत नव्हते. इंग्रजी नामाला षष्ठीवाचक प्रत्यय सोडला तर विभक्तीचे रूपच उरलेले नाही, आणि संस्कृतात प्रत्ययापूर्वी असे सर्वसाधारण रूप घेण्याची रीत नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या प्रतिपादनाची चिकित्सा केली आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून या सर्व विषयाची विस्ताराने फेरमांडणी केली. तरी शालेय अध्यापनात सामान्यरूप हे विभक्तीच्या तक्त्याची पायरी म्हणूनच शिकवले जात राहिले. परका शब्द घरातला झाला की नाही हे ओळखण्याची ती खूण आहे, ही गोष्ट त्यामुळे नजरेआड झाली.

ही खूण किती जुनी आहे ते पाहण्यासाठी उरणच्या किनाऱ्यावर इंग्रजांच्याही मागे जावे लागते. करंजा–उरण हा भाग सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होता. पोर्तुगीजांकडून मराठीत आलेली नामे पाहिली, तर त्यांतील एकही व्याकरणाच्या उंबरठ्याबाहेर राहिलेले नाही. बटाटा, बटाटे, बटाट्याची, चावी, चाव्या, घमेले, घमेली, घमेल्यात. ‘घमेले’ हे तर एकारान्त नपुंसकलिंगी नामांच्या पंक्तीत असे बसले आहे, की ते उसने आहे हे मातीकाम करणाऱ्याला सांगूनही पटणार नाही. फार्शीतून आलेल्या नामांचीही हीच कथा. ‘अहवाल’ आणि ‘उमराव’ ही मूळ अरबीतील अनेकवचनी रूपे; मराठीने ती एकवचनी धरली आणि पुढे आपल्या पद्धतीने चालवली. मूळ भाषेत वचन कोणते होते, याची चौकशी करण्याची गरज भाषेला वाटली नाही. आत्मविश्वास असलेल्या भाषेचे हे लक्षण होय.

एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या पूर्वार्धात आलेल्या इंग्रजी नामांनाही हाच न्याय मिळाला. पलटण – पलटणीत, बोट – बोटी, नोट – नोटा, बँक – बँकेत, मोटार – मोटारी, तिकीट – तिकिटे, टेबल – टेबलावर. यांतील बरेच शब्द कानावाटे आले. ते बोलणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते इंग्रजीत लिहिलेले कधी पाहिले नव्हते. लिंग, वचन आणि सामान्यरूप हे तिन्ही संस्कार त्यांच्यावर झाले. स्त्रीलिंगी अकारान्त नामांचे आकारान्ती व ईकारान्ती असे जे दोन अनेकवचनी वर्ग मराठीत आहेत, त्यांतही ही नामे वाटली गेली : ‘नोटा’ व ‘बँका’ एका वर्गात, ‘बोटी’ व ‘मोटारी’ दुसऱ्या. ही वाटणी कोणत्याही समितीने केली नाही. ‘बस’ला मात्र अडचण आली असावी. तिचे अनेकवचन ‘बशी’ केले, तर चहाच्या बशीशी गाठ पडते. मराठीने ‘बसेस’ हे इंग्रजी रूप पत्करले ते बहुधा या संकोचातूनच.

न्हावाशेवा बंदराचे उद्घाटन २६ मे १९८९ रोजी झाले. त्यामागे सिडकोच्या १९७० मधील स्थापनेपासूनचे भूसंपादन होते. पनवेल, उरण आणि ठाणे या परिसरातील ९५ गावांच्या जमिनीचा तो प्रश्न होता. बंदराबरोबर नामांची एक नवी फळी आली : कंटेनर, क्रेन, ट्रेलर, टर्मिनल, यार्ड. यांतील काही मुंबईच्या गोदीत आधीपासून परिचित असली, तरी एका संपूर्ण तालुक्याच्या दैनंदिन बोलण्यात ती एकदम आली ती येथेच. या नामांच्या वर्तनात एक विभागणी दिसते. लिंग त्यांना ताबडतोब मिळाले. कंटेनर उलटला, क्रेन कोसळली, टर्मिनल सुरू झाले. मराठी क्रियापद लिंगाशिवाय भूतकाळात पाऊल टाकू शकत नाही, त्यामुळे ही दीक्षा टाळता येत नाही. लिंगाची निवडही स्वैर नाही. कंटेनर डब्याच्या, खोक्याच्या कुळातला म्हणून पुल्लिंगी. आणि क्रेनला मराठीत ‘यारी’ हा स्त्रीलिंगी शब्द होता, मराठी विश्वकोशातील नोंदही त्याच नावाने आहे. तो वापरातून गेला, पण जाताना आपले लिंग आपल्या जागी आलेल्या शब्दाला देऊन गेला, असे म्हणण्यास जागा आहे.

लिंगापुढचे संस्कार मात्र झाले नाहीत. धक्क्यावर ‘बोट’ आणि ‘क्रेन’ जवळजवळ उभ्या असतात. दोन्ही इंग्रजी, दोन्ही एकाक्षरी उच्चाराच्या, दोन्ही स्त्रीलिंगी. परंतु ‘बोटीच्या साहाय्याने’ म्हणणारा माणूस ‘क्रेनीच्या साहाय्याने’ म्हणत नाही, ‘क्रेनच्या’ म्हणतो. बोटीचे अनेकवचन ‘बोटी’, क्रेनचे ‘क्रेन’ किंवा ‘क्रेन्स’. ‘टर्मिनले’ असे कोणी लिहीत नाही, ‘टर्मिनल्स’ लिहितात. ‘कंटेनर’चे अनेकवचन मराठी नियमाने ‘कंटेनर’च होते, ‘डोंगर’सारखे, तरी वृत्तपत्रांत ‘कंटेनर्स’ दिसते. म्हणजे जेथे मराठीचा नियम शब्दाला हातही न लावता काम भागवत होता, तेथेही इंग्रजी प्रत्यय आला आहे. ‘यार्ड’ अजून दोन्हीकडे आहे : ‘यार्डात’ आणि ‘यार्डमध्ये’. ‘मध्ये’ या शब्दयोगी अव्ययाचा वाढता वापर याच संदर्भात पाहिला पाहिजे. ‘त’ हा प्रत्यय सामान्यरूपाची मागणी करतो. ‘मध्ये’ कशालाही जोडता येते.

हा सर्व केवळ काळाचा परिणाम मानणे सोपे, पण अपुरे आहे. शब्दाचा अन्त्य ध्वनीही निर्णायक ठरतो. ‘जेट्टी’चे ‘जेट्ट्या’ होते, ‘कंपनी’चे ‘कंपन्या’. कारण ईकारान्त स्त्रीलिंगी नामांचा साचा तयारच आहे. ‘कॅमेरा’ने तर ‘कॅमेरे’, ‘कॅमेऱ्यात’ अशी सगळी रूपे घेतली. मात्र तशाच आकारान्त ‘डेटा’चे ‘डेट्यात’ होत नाही. साचा आहे, शब्द त्यात बसणारा आहे, तरी बोलणारा तो बसवत नाही. कारण त्याला तो शब्द इंग्रजी म्हणून, लिपीसकट ठाऊक आहे, आणि त्याची ओळख पुसली जाऊ नये असे वाटते.

याचे सारे खापर इंग्रजीवर फोडता येणार नाही. मराठीच्या घरातच सामान्यरूप ढिले होऊ लागले होते, आणि त्याची सुरुवात विशेषनामांपासून झाली. जुन्या वळणात ‘रामाला’, ‘गोविंदाने’ म्हणत. ‘सुरेशाला’ असे आज कोणी म्हणत नाही, ‘सुरेशला’ म्हणतात. व्यक्तीचे नाव अविकृत राहावे, ही आधुनिक नागर भावना आहे. नवी इंग्रजी नामे मराठीत वागतात ती सामान्यनामांसारखी नव्हे, तर या विशेषनामांसारखी. कंटेनर ही वस्तूंची एक जात आहे. परंतु व्याकरण तिला एखाद्या पाहुण्या व्यक्तीच्या नावासारखे जपून वागवते. इंग्रजी नामव्यवस्थेचा मराठीवरील खरा परिणाम शोधायचा तो येथे. दादोबांच्या पिढीने इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीतून मराठी नामाकडे पाहिले, तरी नाम स्वतः मराठीच्या चालीने चालत होते. आता ते इंग्रजी नामासारखे, रूप न बदलता, पुढे लागलेल्या शब्दांच्या आधाराने उभे राहू लागले आहे.

या पार्श्वभूमीवर बंदराच्या इतिहासाने मराठीला दिलेली दुसरी नामे लक्षणीय ठरतात. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले, आणि ‘साडेबारा टक्के’ हे प्रमाण न राहता एका हक्काचे नाम झाले : ‘साडेबारा टक्क्यांचा प्लॉट’. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द कचेरीतल्या इंग्रजी संज्ञेचा संस्कृत अवतार. पण मोर्चात तो ‘प्रकल्पग्रस्तांना’, ‘प्रकल्पग्रस्तांचे’ असा निमूटपणे चालू लागला. त्याआधीच ‘सातबारा’ने ‘सातबारे’, ‘सातबाऱ्यावर’ अशी रूपे घेतली होती. वस्तुतः ते महसुली नमुन्यांचे दोन आकडे. ज्या नामांना माणसे आपल्या मागणीसाठी वापरतात, ज्यांच्यावर भांडतात, ती आजही मराठीचे सगळे प्रत्यय बिनतक्रार घेतात. यार्डातील यंत्रांची नामे बंदराची आहेत. ही नामे माणसांची.

आणि खुद्द गावांची नावे? न्हावे पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. दोन स्वतंत्र गावे. न्हावा म्हणा की न्हावे, आकारान्त पुल्लिंगी धरा की एकारान्त नपुंसकलिंगी, सामान्यरूप एकच येते : न्हाव्याला, न्हाव्यात. शेवा असेल तर शेव्याला. इंग्रजी नकाशांनी व जहाजांच्या कागदपत्रांनी या दोन नावांचे एक जोडनाम केले. ते मराठीत परतले तेव्हा त्याचे सामान्यरूप गळून पडले होते. बंदराला जवाहरलाल नेहरूंचे नाव दिले गेले, तरी व्यापारात तेच जोडनाम टिकले. २०२४ साली खुल्या झालेल्या शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतूच्या नावातही ते आहे. बातमीत ‘न्हावा शेवा येथील’ असे लिहितात, किंवा ‘न्हावाशेवा बंदरात’. म्हणजे विभक्तीचे ओझे ‘येथे’वर किंवा ‘बंदरा’वर टाकले जाते, नाव अस्पर्श राहते. ‘पुणे येथील’ असेही कागदोपत्री लिहितात हे खरे. पण त्याच्या जोडीला ‘पुण्यात’ आणि ‘पुण्याचा’ बोलण्यात जिवंत आहेत. बंदरासाठी शेवा कोळीवाड्यातून उठवलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन ‘हनुमान कोळीवाडा’ या नावाने झाले. त्या नावाचे ‘कोळीवाड्यात’ असे रूप आपोआप होते.