महाविद्यालयीन महिला फुटबॉल आणि स्पर्धेची रचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा (ता. संग्रामपूर, जि. बुलडाणा) संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते. येथील विद्यार्थिनीला फुटबॉल किती खेळायला मिळेल, हे तिच्या गुणांइतकेच स्पर्धेच्या रचनेवर अवलंबून असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात महिला फुटबॉल महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला. १९८३ च्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणातील लिंगभेदास मनाई केली आणि पुढे महाविद्यालयीन महिला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तेथे महाविद्यालयांचे गट हंगामभर साखळी सामने खेळतात व हंगामाअखेर अव्वल संघांची गटस्पर्धा होते.

विवेचन : आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागात खेळतो. स्पर्धा बाद पद्धतीची असल्यास पहिल्याच पराभवाने महाविद्यालयीन संघाचे वर्ष संपते. २०२२ च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. परंतु एका भव्य सामन्याने ग्रामीण मुलीच्या वाट्याचे सामने वाढत नाहीत.

निष्कर्ष : शेजारच्या चार महाविद्यालयांनी परस्परांच्या मैदानावर दुहेरी साखळी खेळल्यास प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील. हंगामाअखेरची स्पर्धा त्यानंतर घ्यावी. खेळाडू निवडण्यापूर्वी तिला खेळू देणे, हाच या इतिहासाचा बोध होय.