घरगुती ध्वनिमुद्रण : स्वतंत्र यंत्र कीं संगणक ?

घरांत कोणी गाणारें-वाजविणारें असलें म्हणजे त्याचें गाणें नीट मुद्रित करून ठेवावें अशी इच्छा साहजिकच उत्पन्न होते. मग प्रश्न उभा राहतो तो साधनाचा. केवळ ध्वनिमुद्रणासाठींच बनविलेलें स्वतंत्र यंत्र विकत घ्यावें, कीं लिहिण्यावाचण्यासाठीं आणि हिशेबासाठीं घरांत आलेला संगणकच या कामीं लावावा ? दुकानदाराला विचारलें तर तो किंमती सांगतो. जाणत्या तरुणाला विचारलें तर तो ट्रॅकांची संख्या आणि आवाजाच्या शुद्धतेचे आंकडे पुढें करतो. दोन्ही उत्तरें खोटीं नाहींत, परंतु तीं अपुरीं आहेत. आवाजाच्या शुद्धतेंत या दोन साधनांमध्यें सामान्य श्रोत्याला जाणवेल असें अंतर आतां फारसें उरलेलें नाहीं. अंतर आहे तें निराळ्याच दोन गोष्टींत : गाण्याविषयींचे निर्णय केव्हां घ्यावयाचे, आणि केलेलें काम पुढच्या पिढीच्या कानीं पडणार कीं नाहीं. या दोन गोष्टी नीट ध्यानांत येण्यासाठीं घरगुती ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाकडे वळणें अवश्य आहे.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, तेव्हां त्या यंत्राला ऐकतांहि येत होतें आणि बोलतांहि येत होतें. पुढें मेणाचीं नळकांडीं प्रचारांत आलीं, तरी हा दुहेरी गुण कायम राहिला. ज्या घरीं फोनोग्राफ असे, तेथें आपल्या मुलांचा आवाज भरून ठेवणें शक्य होतें. बर्लिनरच्या ग्रामोफोननें हें चित्र पालटलें. १८८७ सालीं त्यानें या यंत्राचा हक्क नोंदविला, आणि पुढें एका सांच्यावरून एकाच तबकडीच्या हजारों प्रती छापून काढणें साध्य झालें. व्यापाराच्या दृष्टीनें तबकडीचा विजय अटळ होता. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, आणि थोड्याच वर्षांत आपल्याकडील दिवाणखान्यांतहि ग्रामोफोन वाजूं लागला. परंतु हें यंत्र केवळ बोलकें होतें. ऐकण्याची शक्ति त्याला नव्हती. एडिसनच्या कंपनीनें १९२९ सालीं नळकांड्यांचें उत्पादन बंद केलें, आणि सामान्य कुटुंबाच्या हातून ध्वनिमुद्रणाचें साधन बहुतेक गेलेंच. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले, तेव्हां आपल्या देशांत तबकड्या निघूं लागून वीस वर्षें झालीं होतीं. तथापि बुवांचें एकहि ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. त्याचें कारण कांहींहि असो. त्यांच्या शिष्यांपैकीं एखाद्याच्या घरीं साधें मुद्रणयंत्र असतें तर, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

घराला हें साधन परत मिळवून दिलें तें चुंबकीय फितीनें. १९३५ सालीं बर्लिनच्या रेडिओ-प्रदर्शनांत ए. ई. जी. कंपनीनें मॅग्नेटोफोन लोकांपुढें मांडला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या अमेरिकेंत जाऊन ॲम्पेक्स कंपनीनें ती वाढविली. तिचा घरांतल्या घरांत कल्पकतेनें उपयोग करणारा पुरुष म्हणजे गिटारवादक लेस पॉल. फीत हातीं येण्यापूर्वींच त्यानें हॉलिवूडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्यें तबकड्या कोरण्याचें यंत्र बसविलें होतें. एका तबकडीवर गिटारचा एक भाग भरावयाचा, ती वाजवीत असतां तिच्याबरोबर दुसरा भाग वाजवावयाचा, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवावयाचे, असा त्याचा क्रम असे. शेवटच्या थरांत चूक झाली तर तो थर पुन्हा भरणें भाग पडे. आणि पहिला थर प्रत्येक उतरणीबरोबर अधिक अस्पष्ट होत जाई. पुढें फितीच्या यंत्राला एक जादा मुद्रणशीर्ष जोडून त्यानें हेंच काम फितीवर चालविलें. मेरी फोर्डच्या आवाजाचे थरावर थर चढवून केलेलें त्यांचें ‘हाऊ हाय द मून’ हें गीत १९५१ सालीं अतिशय लोकप्रिय झालें. या पद्धतींत मात्र नवा थर भरतांना जुनी फीत पुसली जाई, म्हणजे चुकीस क्षमा नव्हतीच. १९५७ सालीं ॲम्पेक्सनें त्याला आठ ट्रॅकांचें यंत्र करून दिलें, तेव्हां प्रत्येक थर निराळा ठेवून त्यांचें मिश्रण नंतर सावकाश करण्याची सोय झाली. निर्णय लांबणीवर टाकण्याची ही पहिली मोठी सवलत होय. पण तिची किंमत सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेरची होती.

ती आवांक्यांत आली १९७९ सालीं. फिलिप्स कंपनीची छोटी कॅसेट १९६३ पासून प्रचारांत होतीच. तिच्या दोन बाजूंवर प्रत्येकीं दोन, असे चार ट्रॅक असतात. जपानच्या टीॲक कंपनीनें ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्रांत हे चारहि ट्रॅक एकाच दिशेनें वापरले आणि फितीचा वेग दुप्पट केला. मिश्रणाचा फलकहि त्याच पेटींत बसविला. चार ट्रॅक अपुरे पडले तर तीन ट्रॅकांवरचें वादन एकत्र करून चौथ्यावर उतरवावयाचें आणि ते तीन ट्रॅक मोकळे करावयाचे, अशी युक्ति होती. मात्र एकदां असें केलें कीं त्या तिहींचें परस्परांतील प्रमाण कायमचें ठरून जाई.

या यंत्राच्या सामर्थ्याचें आणि मर्यादांचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकाचा ‘नेब्रास्का’ हा गीतसंग्रह. १९८२ च्या जानेवारींत न्यू जर्सीमधील आपल्या राहत्या घरीं त्यानें ‘१४४’ वर हीं गाणीं केवळ कच्चा आराखडा म्हणून भरलीं. साथीदारांना चाली कळाव्यात, एवढाच त्यांत हेतु होता. पुढें सर्व वाद्यवृंद घेऊन मोठ्या स्टुडिओंत तींच गाणीं पुन्हा मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला; परंतु कॅसेटमधील एकाकी, उदास स्वर तेथें उतरेना. अखेर मूळ कॅसेटवरूनच तबकडी काढावयाचें ठरलें, आणि ती त्याच वर्षीं सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली. स्वस्त यंत्र महाग यंत्राहून श्रेष्ठ असतें, असा बोध यांतून काढणें मात्र भाबडेपणाचें होईल. त्या क्षीण मुद्रणावरून तबकडी कोरतांना तंत्रज्ञांना बराच त्रास पडला. खरा बोध हा कीं, चारच ट्रॅक असल्यामुळें गायकाला गाण्यांत काय आवश्यक आहे आणि काय नाहीं, हें तेथल्या तेथें ठरवावें लागलें.

याच सुमारास संगणक संगीताच्या अंगणांत पाऊल टाकीत होता. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना परस्परांशीं जोडणारी ‘मिडी’ ही पद्धति ठरली, आणि १९८५ च्या अटारी एस. टी. या संगणकांत तिची जोडणी मुळांतच होती. तथापि हा संगणक ध्वनि साठवीत नसे. कोणता स्वर केव्हां आणि किती जोरानें वाजवावा, या आज्ञाच तेवढ्या साठवीत असे. याचें कारण साध्या हिशेबांत आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रतीचा ध्वनि म्हणजे एका सेकंदांत ४४,१०० मापनें, प्रत्येक मापन दोन बाइटांचें, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे एका मिनिटाला एक कोटीहून अधिक बाइट, सुमारें दहा मेगाबाइट, जागा लागे; आणि त्या काळच्या घरगुती संगणकाच्या साठ्यांत अशीं चार मिनिटेंहि मोठ्या कष्टानें मावलीं असतीं. म्हणून अंकीय ध्वनिमुद्रण घरीं आलें तेंहि प्रथम मुख्यतः स्वतंत्र यंत्राच्याच रूपानें. १९९२ सालीं बाजारांत आलेलें अलेसिस कंपनीचें ‘एडॅट’ हें यंत्र एस-व्ही. एच. एस. व्हिडिओ-कॅसेटवर आठ ट्रॅक भरीत असे. १९९६ च्या रोलंड ‘व्ही. एस.-८८०’ नें मुद्रण, मिश्रण आणि संपादन हीं तिन्ही एका पेटींत आणलीं. १९९१ चें ‘प्रो टूल्स’ संगणकावर चालत असलें, तरी त्याला महाग जादा सामग्री लागे आणि आरंभीं त्यांत चारच ट्रॅक होते. संगणकाचा वेग वाढतांच हें सर्व पालटलें. २००० सालीं ‘ऑडॅसिटी’ विनामूल्य मिळूं लागलें, २००४ सालीं ॲपलचें ‘गॅरेजबँड’ आलें. बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनीं लॉस एंजेलिसमधील आईवडिलांच्या घरीं, मुख्यतः एका निजण्याच्या खोलींत, संगणकावर तयार केलेल्या २०१९ च्या गीतसंग्रहाला २०२० सालीं वर्षांतील सर्वोत्कृष्ट संग्रह म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळालें.

संगणकाच्या बाजूनें याहून मोठा पुरावा नको. ट्रॅकांना व्यवहारतः मर्यादा नाहीं, चुकलेला स्वर सुधारतां येतो, मिश्रण कितीहि वेळां बदलतां येतें. परंतु या सवलतींतच एक अडचण आहे. जें केव्हांहि बदलतां येतें, तें पुरें झालें असें म्हणावयास मन धजत नाहीं. आणि अनेक गाणीं याच अवस्थेंत वर्षानुवर्षें पडून राहतात. दुसरी अडचण यांत्रिक आहे. संगणक ध्वनीचे लहान गठ्ठे करून काम करतो. २५६ मापनांच्या एका गठ्ठ्याला सुमारें सहा, तर १,०२४ मापनांच्या गठ्ठ्याला सुमारें तेवीस सहस्रांश सेकंद लागतात. आवाज आंत जातांना आणि बाहेर येतांना हा विलंब वाढतो, आणि आपलाच स्वर उशिरानें कानीं आला म्हणजे गाणारा लयीला बिचकतो. चांगली जोडपेटी घेऊन हा दोष दूर करतां येतो, पण तें काम कोणी तरी जाणत्यानें करावें लागतें. स्वतंत्र यंत्रांत तें यंत्र करणारानें आधींच करून ठेवलेलें असतें. कळ दाबली कीं मुद्रण सुरू होतें.

टिकाऊपणाच्या बाबतींत मात्र दोघांचाहि इतिहास सावध करणारा आहे. पोर्टास्टुडिओची कॅसेट साध्या यंत्रांत घातली तर दोन ट्रॅक निम्म्या वेगानें रेंगाळत वाजतात, आणि बाजू उलटली तर उरलेले दोन उलटे वाजतात. ‘एडॅट’ची फीत वाचावयास चालू स्थितींतील ‘एडॅट’च हवें. ‘व्ही. एस.-८८०’ ध्वनि आपल्या स्वतःच्या लिपींत साठवीत असे, आणि ती लिपि संगणकाला सरळ वाचतां येत नाहीं. संगणकावरील कामाची स्थितिहि याहून बरी नाहीं : पंचवीस वर्षांपूर्वींची फाईल उघडावयास तीच प्रणाली, तेंच सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेलीं तींच उपसाधनें लागतात, आणि त्यांतील एक जरी नाहींसें झालें तरी मिश्रण पूर्ववत् उभें राहत नाहीं. या सर्व उलथापालथींत टिकून राहिली ती १९९१ पासून चालत आलेली साधी ‘वेव्ह’ फाईल. कारण तिच्यांत आज्ञा नाहींत, केवळ ध्वनि आहे, आणि ती कोणत्याहि संगणकाला वाचतां येते.

आतां आपल्या घरांकडे वळूं. ख्यालगायन हें थर रचून होणारें संगीत नव्हे. गायक, तबलजी आणि पेटीवाला हे एकमेकांकडे पाहून, एकाच वेळीं, एकाच खोलींत तें निर्माण करतात. त्यांना निरनिराळें बसवून मुद्रण केलें तर समेची मौजच हरपते. अशा घराला दोन चांगल्या मायक्रोफोनांचें, स्मरणपत्रिकेवर साध्या ‘वेव्ह’ फाईली भरणारें छोटें स्वतंत्र यंत्र पुरेसें आहे. त्यांत पंख्याचा आवाज नाहीं, मध्येंच येणारे निरोप नाहींत, आणि आजोबांना समोर संगणक पाहून होणारा संकोचहि नाहीं. उलट भावगीताला चाल देऊन तींत बासरी, गिटार आणि कोरस एकट्यानेंच भरूं पाहणाऱ्या मुलीला संगणकावांचून गत्यंतर नाहीं, आणि तिला स्वतंत्र यंत्र घेऊन देणें म्हणजे तिचे हात बांधणें होय. अलीकडे अनेक छोटीं यंत्रें संगणकाला जोडून त्याची जोडपेटी म्हणूनहि वापरतां येतात. तेव्हां ज्या कुटुंबांत दोन्ही प्रकारचीं माणसें आहेत, त्यानें आरंभ अशा यंत्रापासून करावा, हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

निवड कोणतीहि होवो, एक शिस्त मात्र पाळली पाहिजे. काम अपुरें वाटलें तरी त्याच दिवशीं त्याची साधी ‘वेव्ह’ प्रत काढावी. गाणाराचें नांव, साथीदार, राग अथवा गीत, स्थळ आणि तारीख तिच्यासोबत लिहावी. आणि ती दोन निराळ्या जागीं ठेवावी. नळकांड्यांच्या काळीं हें करणें शक्य नव्हतें, तबकडीच्या काळीं तें कुटुंबाच्या हातीं नव्हतें. आज त्याला फार तर दहा मिनिटें लागतात. नातवंडांना आजीचा आवाज ऐकावयास मिळेल कीं नाहीं, हें यंत्राच्या निवडीपेक्षां याच दहा मिनिटांवर अधिक अवलंबून आहे.