राणीचा पलंग

परवा लेकीने स्वतःची गादी उचलली आणि थेट बाहेरच्या खोलीत नेऊन टाकली. "आई, आता मी एकटी झोपणार." अठरा वर्षांची झालीये, झोपू दे की! पण खरं सांगू? थोडं लागलंच. आणि आठवली कोण, तर चक्क व्हिक्टोरिया राणी!

व्हिक्टोरिया म्हटलं की काळ्या कपड्यांतल्या स्थूल आजीबाईच डोळ्यांपुढे येतात. पण २० जून १८३७ ला, काका चौथे विल्यम वारल्याचा निरोप घेऊन माणसं आली आणि सकाळी सहाला आईने तिला झोपेतून उठवलं, तेव्हा तीही अठराचीच होती. त्या दिवशीच्या डायरीत 'एकटी' हा शब्द ती पुन्हापुन्हा लिहिते. एकटीने भेटले, एकटीने बोलले...

त्यालाही कारण होतं. ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी तिला असं काही 'जपलं', की जिना उतरतानाही कुणाचा तरी हात धरायचा आणि झोपायचं आईच्याच खोलीत. पोर मुठीत म्हणजे उद्याची सत्ता मुठीत! १८३५ मध्ये ती आजारी असताना कॉनरॉयने स्वतःच्या नेमणुकीच्या कागदावर तिची सही मागितली. सोळा वर्षांच्या पोरीने दिली नाही.

राणी झाल्यावर तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून रीतीप्रमाणे आईला बकिंगहॅम राजवाड्यात सोबत ठेवावं लागलं, पण खोल्या दिल्या लांबच्या. १० फेब्रुवारी १८४० ला मामेभाऊ अल्बर्टशी लग्न झालं आणि आई वेगळ्या घरी गेली. गंमत म्हणजे, मायलेकींचं पुन्हा जुळवलं ते या जावयानेच. सतरा वर्षांत नऊ मुलं झाली, आईची आजी झाली, कडवटपणा निवळत गेला.

मार्च १८६१ मध्ये आई वारली. तिचे कागदपत्र चाळताना राणीला कळलं, की आपल्या लहानपणाच्या किती बारीकसारीक गोष्टी आईने जपून ठेवल्या होत्या. ती फार रडली. पण सांगायला आई कुठे होती?

असो. आमच्या माळ्यावर लेकीची बालवाडीतली चित्रं आहेत. या रविवारी काढून तिला दाखवावीत म्हणते. बाहेरच्या खोलीचं दार वाजवून, अर्थात!