मिरची आणि रानबैल

आयुष्यात मी वाहनांची तुलना एकदाच केली होती. स्कूटर घ्यायची होती. एक स्कूटर खिशाला परवडत नव्हती आणि दुसरी मेहुण्यानं विकायला काढली होती. बी. कॉम.ला शिकलेलं सगळं अर्थशास्त्र पणाला लावून मी दुसरी घेतली. ती मी आजवर जेवढी चालवली, साधारण तेवढीच ढकलली आहे. तेव्हापासून वाहन या विषयावर घरात मला कोणी मत विचारत नाही. घरात मूल सायकल घेतानाही आधी शेजाऱ्यांना विचारतं.

म्हणूनच २०२२ साली, अक्षय्य तृतीयेच्या आठ दिवस आधी, माझे मावसभाऊ अण्णा बँकेत आले आणि काउंटरवर दोन गुळगुळीत पुस्तिका आपटून म्हणाले, "यातली कुठली घेऊ सांग," तेव्हा मी आधी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. प्रश्न मलाच होता.

एक पुस्तिका पोर्श केयेन टर्बो जीटीची होती आणि दुसरी लॅम्बोर्गिनी उरूसची.

अण्णांची चार एकर जमीन शहराबाहेरच्या रस्त्यात गेली होती. तिचे साडेचार कोटी आमच्याच शाखेत, अण्णा आणि मावशी अशा दोन नावांवर मुदत ठेवीत होते. आमच्या शाखेच्या दृष्टीनं ती ठेव म्हणजे गावातला एकमेव डोंगर होता. तो हलला तर शाखा सपाट.

"अण्णा, पण तुम्हाला गाडी कशाला?"

"अरे, आयुष्यभर ट्रॅक्टरच्या टपऱ्या सीटवर बसून कंबर गेली. आता जरा मऊ बसतो. तू शिकलेला, तुला तोट्या-नफ्याचं कळतं. हिशेब मांडून दे. मी सोमवारी येतो."

अण्णा गेले, आणि पाचव्या मिनिटाला मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बँकेत गुपित फक्त लॉकरच्या किल्लीचं राहतं.

"दोन्ही गाड्या वाईट आहेत म्हणून सांगा," साहेब म्हणाले.

"साहेब, त्या वाईट नाहीत."

"तुम्ही कधी बसलात त्यांत?"

"नाही."

"मग खात्रीनं कसं सांगता?" साहेबांनी चष्मा पुसला. "विचार करा. नात्याचा माणूस आहे. ठेवींचं टार्गेटही आहे."

मी विचार केला. एका बाजूला नातं, दुसऱ्या बाजूला टार्गेट, आणि मध्ये मी, ज्याला स्कूटरसुद्धा धड निवडता आली नव्हती. शेवटी ठरवलं की हिशेब खरा मांडायचा. मग ठेव राहो की जावो. शनिवारी रात्री वहीत मध्ये रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'मिरची', उजवीकडे 'रानबैल'. कारण केयेन ही तिखट मिरचीची एक जात, आणि उरूस म्हणजे युरोपातला जंगली बैल. त्या जातीचा शेवटचा प्राणी १६२७ साली पोलंडच्या जंगलात मेला. आपल्या गोठ्यातल्या बैलांचे मूळ पुरुष याच रानटी कुळातले. म्हणजे अण्णांच्या दारात एकतर मिरची येणार होती नाहीतर बैल. दोन्ही गोष्टी त्यांच्या शेतात पूर्वी फुकट होत्या.

आकडे मांडायला लागलो. २०१७ च्या डिसेंबरात जगापुढे आलेला उरूस ६५० घोड्यांचा. २०२१ ची टर्बो जीटी ६४० घोड्यांची. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला बैलाला ३.६ सेकंद, मिरचीला ३.३. फरक सेकंदाच्या तीन दशांशांचा! नोटा मोजताना बोट ओलं करायला मला याहून जास्त वेळ लागतो. कमाल वेग बैलाचा ३०५, मिरचीचा ३००. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना मर्यादा आहे १०० ची. म्हणजे एका गाडीचे २०५ आणि दुसरीचे २०० किलोमीटर घरीच ठेवून निघायचं. पैसे मात्र पुऱ्या वेगाचे भरायचे. उरूस २०१८ साली भारतात आला तेव्हा त्याची किंमत तीन कोटींच्या घरात होती, तीही नुसती शोरूममधली.

इंजिनाच्या रकान्यात आलो आणि माझ्यातला कारकून जागा झाला. दोन्हीकडे चार लिटरचं, आठ सिलिंडरचं, दोन टर्बो लावलेलं इंजिन. ओढ दोन्हीकडे ८५० न्यूटन-मीटर. दोन वेगळ्या खात्यांवर एकच आकडा दिसला की आम्ही लोक आधी सही तपासतो. तपासली. सही एकाच घरची निघाली. दोन्ही गाड्यांचा सांगाडा फोक्सवॅगन समूहातल्या एकाच साच्यावरचा. उरूसवाल्यांना १९९८ साली ऑडीनं विकत घेतलं आणि ऑडी फोक्सवॅगनची. पोर्शची गोष्ट आणखी मजेची. या छोट्या कंपनीनं अवाढव्य फोक्सवॅगनच गिळायचा घाट घातला होता. घास घशात अडकला, आणि २०१२ पर्यंत फोक्सवॅगननंच पोर्शची मोटारकंपनी पुरती पोटात घेतली. थोडक्यात, एका वाड्यातले दोन चुलतभाऊ. एकानं जरीचा फेटा बांधलाय, दुसऱ्यानं सुटाबुटात टाय लावलाय. आजोबांचं नाक दोघांनाही आहे.

मग म्हटलं, आजोबांपर्यंत जाऊ या. कर्ज देताना आम्ही तीन पिढ्यांची चौकशी करतो. इथं तर साडेचार कोटींचा प्रश्न होता.

अशा गाड्यांचा वंश तसा फार जुना नाही. १९७० साली इंग्रजांनी रेंज रोव्हर काढली. ती चिखलातही जायची आणि मेजवानीलाही. पण सुरुवातीच्या गाड्यांचं अंतरंग असं साधं होतं की आतला चिखल पाण्याच्या नळीनं धुऊन काढता यावा. म्हणजे गोठा धुतात तसा. लॅम्बोर्गिनीनं १९७७ साली अमेरिकन लष्कराला डोळ्यांपुढे ठेवून 'चीता' नावाची गाडी केली. लष्करानं ती घेतली नाही. हट्ट मात्र सुटला नाही. १९८६ साली त्यांनी 'एलएम००२' आणली. आपल्या काउंटाक या शर्यतीच्या तोऱ्याच्या गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन त्यांनी या रणगाड्याच्या पोटात बसवलं. सुमारे साडेचारशे घोडे आणि २९० लिटरची टाकी! ती टाकी भरायला वैयक्तिक कर्ज काढावं लागेल आणि मला वाटतं आमचे साहेब ते मंजूर करणार नाहीत. १९९३ पर्यंत जेमतेम तीनशे गाड्या झाल्या आणि प्रकरण मिटलं.

पोर्शवाल्यांना नव्वदच्या दशकात नादारीची चाहूल लागली होती. जपानी तज्ज्ञ बोलावून त्यांनी कारखान्याची शिस्त बसवली, आणि २००२ साली केयेन काढली. पोर्शचे भक्त खवळले. देवळात शर्यतीच्या घोड्याची मूर्ती होती, तिथं हा हत्ती कुणी आणून बसवला? पण त्या हत्तीनंच देवळाचं छप्पर शाकारलं. २०२० च्या डिसेंबरात दहा लाखावी केयेन तयार झाली. उरूसनंही तेच केलं. २०१७ साली लॅम्बोर्गिनीच्या ३,८१५ गाड्या गेल्या होत्या, २०१९ साली ८,२०५ गेल्या आणि त्यांत निम्म्याहून जास्त उरूस.

त्याच्याही मागं गेलो आणि रात्री साडेबाराला मी अंथरुणातून उठून दिवा लावला. बायको म्हणाली, "चोर?" मी म्हटलं, "ट्रॅक्टर!"

फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा १९१६ साली इटलीतल्या द्राक्षबागाइतदाराच्या घरी जन्मला. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यानं लष्कराचं भंगार गोळा केलं आणि त्यातून ट्रॅक्टर बांधले. पेट्रोल महाग, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं आणि पुढं डिझेलवर चालवायचं अशी सोय त्यानं केली. १९४८ साली त्याचा ट्रॅक्टरचा कारखाना उभा राहिला. मोटारी काढल्या थेट १९६३ साली. गोष्ट अशी सांगतात की त्यानं एक फेरारी घेतली, तिचा क्लच सारखा बिघडायचा, आणि तक्रार केली तर एन्झो फेरारीनं या ट्रॅक्टरवाल्याला उडवून लावलं. त्या रागानं त्यानं स्वतःचीच मोटार काढली. रागानं माणसं घर सोडतात; यानं कारखाना काढला.

आणि पोर्श? पोर्श मंडळींनी आखलेले ट्रॅक्टर आधी दुसऱ्या कारखान्यानं केले. पुढे १९५६ ते १९६३ या काळात 'पोर्श-डिझेल' नावाचे लाल रंगाचे ट्रॅक्टर जर्मनीत बनत होते. त्यांतला सगळ्यात धाकटा, 'ज्युनिअर', एका सिलिंडरचा आणि चौदा घोड्यांचा होता. असे ट्रॅक्टर लाखाच्या वर निघाले.

म्हणजे अण्णा ज्या सीटवरून कंटाळून उठले होते, तिच्यावरूनच ही दोन्ही घराणी उठली होती.

सोमवारी मी वही घेऊन अण्णांच्या घरीच गेलो. मोडायची ठेव दोघांच्या नावावर, त्यामुळे मावशीचीही सही लागणार होती. मी सगळं वाचून दाखवलं. ६५०, ६४०, एकच वाडा, एकच आजोबा. साहेबांचं टार्गेटही सांगून टाकलं, म्हणजे माझं मत कुठल्या बाजूला झुकायची शक्यता आहे ते अण्णांना कळावं. शेवटी म्हटलं, "अण्णा, वेगवान वळणांची हौस असेल तर मिरची घ्या. लोकांनी वळून बघावं असं वाटत असेल तर बैल घ्या. दोन्ही गाड्या पहिल्या प्रतीच्या आहेत."

मावशी भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. तिनं विचारलं, "यातल्या कुठलीच्या मागं नांगर जोडता येतो?"

अण्णा हसले. मला हसता आलं नाही, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वहीत होतं.

"मावशी, दोन्ही घरं पूर्वी तेच करायची."

"मग सोडलं कशाला?"

"जास्त पैसे मिळायला लागले."

"आणि तो इटलीचा? त्याचं पुढं काय झालं?"

"सत्तरच्या दशकात त्यानं मोटारींचा कारखानाही विकला, ट्रॅक्टरचाही विकला. एका सरोवराकाठी जमीन घेतली आणि द्राक्षं लावली. १९९३ साली वारला."

मावशीनं सुपातल्या शेंगा चाळवल्या. "एवढा हिंडला आणि शेवटी रानातच आला म्हणायचा," ती म्हणाली. "आपल्याला यायचं म्हटलं तर रान कुठाय?"

अण्णा बराच वेळ पुस्तिकेतल्या बैलाकडे बघत होते. मग उठून बाहेर गेले. अंगणापलीकडे पूर्वी ऊस दिसायचा. आता खडीचे ढीग दिसत होते.

अक्षय्य तृतीयेला अण्णांनी खरेदी केली. साडेसहा एकर जमीन, गावापासून वीस किलोमीटर आत, ओढ्याकाठची. ठेव मोडली. उरलेल्या रकमेची पावती फाडताना साहेब माझ्याशी बोलले नाहीत. नंतरही पंधरा दिवस ते फक्त शिपायामार्फत बोलत होते.

पूजेला मी स्कूटरवरून गेलो. दारात नवा ट्रॅक्टर उभा होता, हार घातलेला, लालभडक.

"लालच का घेतला?" मी विचारलं.

"तो पोर्शचा लाल होता म्हणालास ना?"

"आणि घोडे किती?"

"पन्नास. पण सीट बघ," अण्णांनी मला वर चढवलं. "मऊ आहे."

परत निघालो तर स्कूटर सुरू होईना. मेहुण्याचं नाव घेऊन चार लाथा मारून झाल्या. शेवटी अण्णांनी ट्रॅक्टरच्या मागं दोर बांधला, माझी स्कूटर त्याला लावली आणि पक्क्या रस्त्यापर्यंत ओढत आणली. वाटेत मी मनगटावरच्या घड्याळात बघत होतो. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंद लागले ते मला सांगता येणार नाही. पाऊण तासात आम्ही बाराच्या वर गेलोच नाही.