पिवळी पाटी आणि खिशातला फोन

पाटस म्हटलं की पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना आता टोलनाका आठवतो. नव्वदच्या दशकात अशा रस्त्यांवर नजर शोधायची ती एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी. (तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग ९ होता, २०१० साली नंबर बदलून ६५ झाला.) ट्रकवाल्याला शेठला किंवा घरी फोन करायचा तर गाडी कडेला घेऊन खाली उतरावं लागे. रांगेत थांबायचं, मग त्या काचेच्या खोक्यात शिरून, मीटरचे लाल आकडे पळताना बघत पटापट बोलायचं. फोन आणि स्टिअरिंग एकाच वेळी हातात येणं शक्यच नव्हतं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा इतका पक्का बंदोबस्त नंतर कुणाला जमला नाही, आणि गंमत म्हणजे तो कुणी मुद्दाम केलेलाही नव्हता!

३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत मोजावे लागत, आलेल्या फोनलाही पैसे पडत. त्यामुळे वाजलेला फोन लोक सरळ कापत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि माझ्या मते खरा घोळ तिथे सुरू झाला. फोन न उचलायला काही कारणच उरलं नाही.

धोका मात्र त्याआधीच कळला होता. १९९७ साली रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरांटोतल्या ६९९ चालकांची बिलं आणि अपघात ताडून पाहिले. फोनवर बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट निघाली, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोननेही ती कमी झालेली दिसली नाही. म्हणजे अडचण हाताची नाही, लक्षाची आहे. आपला कायदा अजून हातापाशीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून गाडी चालवणं 'धोकादायक चालवणं' ठरवलं. पहिल्यांदा पकडलं तर एक ते पाच हजार दंड, किंवा कैद. कानात बोंडं घालून तासभर भांडणारा माणूस मात्र यातून सुटतो.

आणि रस्ता तरी कसला? गाळपाच्या दिवसांत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रात्री कित्येकांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो. आषाढवारीला तुकोबांची पालखी वरवंडहून पाटसवरून रोटी घाट चढते, तेव्हा तर माणसंच माणसं. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पाच सेकंद मेसेज वाचला की एकशेदहा मीटर झाले. तेवढ्यात ट्रॉलीच काय, अख्खी दिंडी येते.

केंद्र सरकारच्या अपघात अहवालात मोबाईल हे कारण पहिल्यांदा वेगळं मोजलं गेलं ते २०१६ साली. मृत्यू २,१३८. मला हा आकडा फार कमी वाटतो. पंचनाम्यात 'भरधाव' लिहितात. शेवटचा फोन कितीला आला होता ते कोण बघतं? वाचलेला चालक ते आपणहून सांगणार नाही, आणि गेलेल्याला विचारता येत नाही.